शोल्पानची चाल

१

"...बीबीझारच्या सुनेचे पाय म्हणे अंधारात तिचे राहत नाहीत. आणि आता जिचा धागा तिने कापला ना, ती पोरगी तर कधीच—"

एवढ्यात खालचं दार वाऱ्याने आपटलं आणि पुढचं बोलणं त्यातच गडप झालं.

पाण्याच्या बादल्या खाली ठेवून मी तिसऱ्या मजल्यावर दम खात उभी होते. दम काय, कान देऊनच उभी होते. आमचा जिना नळीसारखा आहे. तळाशी कुणी पुटपुटलं तरी वरपर्यंत ऐकू येतं, आणि ही गोष्ट माझ्याइतकी इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. घाईने खाली गेले, पण तोवर बोलणाऱ्या दोघी निघून गेल्या होत्या. उंबऱ्याच्या आत नुसता बर्फाचा चुरा पडला होता.

"जिचा धागा कापला" ती पोरगी म्हणजे माझी नात, मोल्दिर.

आमच्या कझाकांत मूल उभं राहायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या पिळाचा धागा बांधतात आणि तो चांगल्या चालीच्या माणसाकडून कापून घेतात. कापणाऱ्याची चाल पोराच्या पायांत उतरते. त्यामुळे सोयरीक जुळवताना करतात तितकी चौकशी हा माणूस निवडताना होते. मोल्दिरसाठी बीबीझारच्या सुनेला, शोल्पानला निवडलं मी. माझ्याच हट्टाने.

त्या दिवसापासून मोल्दिर उभी राहायचीच बंद झाली होती.

परत वर येऊन मी बादल्या उचलल्या. बायकांना काय, जीभ हलवायला निमित्त लागतं, असं स्वतःशी म्हणत वर गेले. पण पाणी हिंदकळून माझे बूट भिजले होते, ते घरात शिरल्यावर कळलं.

२

खाण बंद पडल्यापासून आमचं गाव रिकामं होत चाललं होतं. रशियन गेले, जर्मन गेले, मग आपलेही जायला लागले. आमच्या पाचमजली इमारतीतल्या निम्म्या घरांना दारं नव्हती. लोक जाताना खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेत. जिन्यात पावलंच इतकी थोडी उरली होती की चुलीपाशी बसून मी सांगायचे, आता कोण वर येतंय.

शोल्पान समोरच्या बीबीझारच्या घरी सून होऊन आली तेव्हा तिची चाल मी पहिल्याच दिवशी पाठ केली. दोन पावलं झटपट, मग तिसरं जरा घासून. टक, टक, सर्र. पायातली सपात निसटत असावी आणि ही ती अंगठ्याने धरून ठेवत असावी, तसं. ऐकायला गोड वाटायचं. आमच्याकडे आईला, मोठ्या बाईला आपा म्हणतात. माझा मुलगा खालून ओरडायचा, "आपा, वहिनी नाचत जिना चढतायत!" तर ही वरून म्हणायची, "तू चढून दाखव असा, मग बोल."

शरद ऋतूत तिला ताप आला. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. उठली ती वेगळीच. एक पाऊल, थांबणं. एक पाऊल, थांबणं. आणि मान सदा खाली. हाक मारली तरी नजर पायांवरून हलायची नाही.

बीबीझार गावभर सांगत सुटली, "माझी सून बघा, आजाराने कशी मर्यादेची झाली." आम्हाला सगळ्यांना ते पटलं. सुनेची नजर खाली असली की आमच्याकडे पुढचं कुणी बघत नाही.

कामशातला, माझ्या सुनेला, धागा कापायला शाळेतल्या कवायतीच्या रौशनबाई हव्या होत्या.

"आपा, त्या वाऱ्यासारख्या चालतात."

"बोलतातही वाऱ्यासारख्या. मोल्दिरला तसली चाल हवी का? शोल्पान बघ. नजर वर करते का कधी?"

"नजर वर केली नाही म्हणजे चाल चांगली?"

"तू माझ्याशी बोलताना एकदा करून बघ खाली, मग सांगते."

कामशात हसली आणि विषय मिटला.

भर दुपारी समारंभ केला. जमिनीवर पांढरं कापड अंथरलं. बायका कणकेचे तळलेले बाउरसाक आणि साखरेच्या गोळ्या ओच्यात घेऊन उभ्या होत्या. शोल्पान गुडघ्यांवर बसली. चाकू धरलेल्या हाताकडे ती एकटक बघत होती. हात इतका सावकाश पुढे सरकत होता, जसं काही ती त्याला बोटभर बोटभर वाट सांगत होती. धागा कापला. तिने मोल्दिरचे दोन्ही हात धरून तिला उभं केलं आणि उलट्या पावलांनी मागे सरकू लागली. डोळे खाली, ओठ हलतायत. आम्हाला वाटलं, आशीर्वाद पुटपुटतेय.

बायकांनी गोळ्या उधळल्या. मी आनंदाने पुढे झाले आणि मानाची नवी शाल तिच्या अंगावर टाकली. शाल डोक्यावरून घसरून तिच्या तोंडावर आली.

दोरीवरचे ओले कपडे खाली यावेत तशी ती कोसळली. हात पुढे आला नाही, गुडघा वाकला नाही. नुसती खाली आली.

आणि तिच्या हातांतून सुटलेली मोल्दिर पडली नाही. एकटी उभी राहिली. मग चालली. दोन पावलं झटपट, तिसरं घासून.

"चालली! चालली!" कामशात टाळ्या पिटायला लागली.

कुणीतरी शोल्पानच्या तोंडावरची शाल ओढली. "पाय अडकला," ती हसत म्हणाली. सगळ्या हसल्या. त्याच क्षणी मोल्दिर मटकन खाली बसली. त्यानंतर ती उठली नाही.

तेव्हा यातलं काहीच माझ्या ध्यानात आलं नाही. पोरीच्या पायांकडे बघत मी रडत होते.

३

जिन्यातलं ते बोलणं ऐकल्यापासून मला चैन पडेना. संध्याकाळी नेहमीसारखी वीज गेली. मी वाडगाभर सूप घेतलं आणि समोर गेले. सूप हे निमित्त, ते बीबीझारलाही कळतं. पण ती घरी नव्हती, पाण्याला गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत लोखंडी शेगडीच्या फटीतून येणारा तांबूस उजेड, बाकी काळोख. शोल्पान भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. तिचे दोन्ही हात पुढे हवेत तरंगत होते. बोटं हलत होती. एकेक, सावकाश, प्रत्येक बोट आपल्याच नादात. एखादं वर जायचं, दुसरं बाजूला सरकायचं, तिसरं काहीतरी चाचपल्यासारखं वाकायचं. बोटांना जणू हवेत एक वस्तू सापडली होती आणि ती कसली आहे ते ती शोधत होती.

"शोल्पान, हे काय करतेस गं?"

"काही नाही, आपा." तिने डोळे उघडले नाहीत. "हात मांडीवर ठेवून बसलेय."

मी एक पाऊल पुढे झाले. "मांडीवर?"

तिने डोळे उघडले. हवेतले हात तिला दिसले. चरायला लांब गेलेली मेंढरं माघारी आणावीत तसे तिने ते आधी एक, मग दुसरा, बघत बघत खाली आणले.

"बीबीझारआपांना सांगू नका," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना ठाऊक आहे. पण तुम्हाला कळलं ते सांगू नका."

"काय कळलं? मला तर काहीच कळलं नाही."

"ताप उतरला तेव्हापासून मी मला सापडत नाही, आपा. डोळ्यांनी बघते तेवढीच असते. पायाकडे बघितलं की पाय आहे. नजर वळली की गेला. रात्री डोळे मिटले की काहीच नसतं. अंथरुणात नुसता एक विचार पडलेला असतो."

"म्हणजे ती मर्यादा..."

"सासूबाई म्हणाल्या मर्यादा. मीही म्हटलं, बरंय, मर्यादा." ती हसायला गेली. "खरं सांगितलं तर माहेरी पाठवतील. लंगडी सून कोण ठेवतं? आणि माहेरी कोण आहे? भाऊ, आणि भावाची बायको."

सूप शेगडीवर ठेवून मी तिच्याजवळ बसले. वाईट वाटत होतं. भीतीही वाटत होती, आणि चौकशी करायचा मोह सुटत नव्हता. तिन्ही एकदम.

"मग माझ्या नातीचा धागा कापायला हो का म्हणालीस?"

"तुम्ही इमारतीदेखत सांगायला आलात. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. नाही कशी म्हणणार?"

नेमकं तेव्हा वर पावलं वाजली. आमच्या डोक्यावरचं घर कधीचं ओसाड होतं. टक, टक, सर्र. टक, टक, सर्र. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"पत्रा असेल," मी म्हणाले. "वाऱ्याने हलतो."

शोल्पान वर बघत होती. तिचे हात पुन्हा मांडीवरून उठले होते. "मीही तसंच म्हणते," ती म्हणाली.

४

दवाखान्यात एकच खोली गरम होती आणि नेली डॉक्टर तिथेच बसायच्या. कोरियन बाई, बारीक, तोंडाने तिखट. गाव सोडून न गेलेली शेवटची डॉक्टर. बीबीझारला सांगितलं की नातीला दाखवायला नेतेय, सोबतीला शोल्पान दे. त्यात खोटं अर्धंच होतं.

मोल्दिरला त्यांनी आधी तपासलं. पाय ओढले, वाकवले, तळव्यांना गुदगुल्या करून बघितल्या.

"पोरीला धाड भरली नाहीये. आळशी आहे. आजीवर गेलीय का?"

"आजीवर गेली असती तर एव्हाना शेजाऱ्यांच्या घरी पोचली असती," मी म्हणाले. त्या खळखळून हसल्या. मग माझ्यामागे खाली मान घालून उभ्या असलेल्या शोल्पानकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हसू थांबलं.

त्यांनी तिला खाटेच्या कडेला बसवलं. डोळे मिटायला सांगितले. पायाचा अंगठा धरून वर उचलला. "वर केला की खाली?"

"धरलाय का?" शोल्पानने विचारलं.

पुन्हा, दुसऱ्या पायाचा. पुन्हा तेच. नेली डॉक्टर बाजूची खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि तिला नाही, मला सांगू लागल्या. डॉक्टर लोक तसंच करतात.

"स्नायूच्या आत बारीक चात्या असतात. सूतकताईच्या चातीसारख्या, मधे जाड, टोकांना निमुळत्या. स्नायू ताणला की त्यांनाही ताण बसतो. मग त्या आतून कळवतात, गुडघा एवढा वाकला, इतक्या वेगाने वाकला, हात इथे आहे. आपल्याला ते ऐकू येत नाही, पण त्याच खबरेवर आपण काळोखात चहाचा पेला तोंडाशी नेतो. हिच्यात ताकद आहे, फक्त खबर येत नाही. तापाने नसा खाल्ल्या असाव्यात."

"म्हणजे त्या गप्प झाल्या?" शोल्पान म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. "की दुसऱ्याच कुणाला सांगतायत?"

"दुसऱ्या कुणाला सांगणार? पोस्टातली पत्रं आहेत का ती?"

नेली डॉक्टरांनी रबराची हातोडी काढली. मी मोल्दिरला मांडीवर घेऊन समोर बसले होते. डॉक्टरांनी शोल्पानच्या गुडघ्याच्या वाटीखाली ठोकलं. पाय लोंबकळत राहिला, जराही हलला नाही.

माझ्या मांडीवर मोल्दिरचा उजवा पाय ताडकन उडाला.

डॉक्टरांची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी पुन्हा ठोकलं. मोल्दिरचा पाय पुन्हा उडाला. पोर झोपली होती. तोंड उघडं, श्वास संथ.

"हे बघा," नेली डॉक्टर म्हणाल्या, "काहीच नाही." आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळल्या. मी मोल्दिरचा डावा पाय मुठीत घट्ट धरला. ठोकल्याचा आवाज झाला. मुठीत त्या इवल्या मांडीचं मांस एकदाच, आतून, मासळीसारखं फडफडलं.

लहान पोरं झोपेत पाय झाडतात. माझ्या मुलानेही झाडले होते. घरी जाईपर्यंत मी मनात हेच घोकत होते. तोंडाने मात्र कुणाला काही सांगितलं नाही. माझ्यासारख्या बाईने सांगितलं नाही, यावरूनच काय ते समजा.

५

दिवस आखूड होत गेले. वीज दुपार कलायच्या आतच जाऊ लागली. कामशात मोल्दिरला उजेडात उभं करायची, ती पिठाच्या गोळ्यासारखी बसायची. कामशात पाठ वळवून डोळे पुसायची. माझ्याशी बोलणं तिने कमी केलं होतं. एकदा मात्र भांडी घासता घासता म्हणाली, "रौशनबाईंची चाल काय वाईट होती, आपा?" मी चुलीतली राख ओढायला वाकले.

एका संध्याकाळी ती आणि माझा मुलगा बाहेर होते. वीज गेली. काडेपेटी कुठे ठेवली ते आठवेना, म्हणून मी तशीच काळोखात बसून राहिले. मोल्दिर गालिच्यावर होती.

टक.

मला वाटलं, जिन्यात वाजलं.

टक. सर्र.

आवाज खोलीतच होता. माझ्या समोर, खिडकीच्या बाजूला. टक, टक, सर्र. पोराचं पाऊल चुकत, धडपडत पडतं, हे तसं नव्हतं. हे सराईत होतं. टेबलाला वळसा घातला. पाण्याच्या पिंपापाशी थांबलं. परत फिरलं. मी हात पुढे केला, तर काळोखात एक इवलं उबदार बोट माझ्या तळव्याला लागलं आणि पुढे निघून गेलं.

"मोल्दिर?"

ती हसली. ते हसणं तिचंच होतं, एवढं मी शपथेवर सांगते.

मी रडले. देवाचं नाव घेतलं. नात चालत होती! कुणाची का चाल असेना, चालत होती.

मग दाराच्या फटीखाली पिवळी रेघ उमटली. समोर बीबीझारने कंदील लावला होता. त्यांच्या दारातून उजेड जिन्यात आला, जिन्यातून आमच्या उंबऱ्यापर्यंत. आमची खोली होती तशीच काळोखी होती. पण ती रेघ उमटली आणि गालिच्यावर धप्प आवाज झाला. मोल्दिर बसली होती.

समोरून शोल्पानची पावलं ऐकू आली. एक, थांबणं. एक, थांबणं.

मी तिथेच बसून हिशेब लावत राहिले. समारंभात शाल शोल्पानच्या डोळ्यांवर आली होती, मोल्दिरच्या नाही. दवाखान्यात डोळे शोल्पानने मिटले होते. वरच्या ओसाड घरातली पावलं कुठे जागा मिळते ते शोधत फिरत असतील का, तेवढं माझ्या डोक्यात शिरेना. शिरू नये असंही वाटत होतं. जिन्यातल्या बायकांनी म्हटलेलं पहिलं खरं होतं. अंधारात शोल्पानचे पाय तिचे राहत नव्हते. पण "ती पोरगी तर कधीच—" चालणार नाही, असंच म्हणत असणार ना त्या? ते खोटं होतं. पोरगी चालते. मी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि लगेच दारावर थाप पडली. बीबीझार होती, हातात रिकामी बाटली. तिच्यामागे जिन्यात शोल्पान उभी होती. भिंतीला टेकून, डोळे ताणून उघडलेले. जिन्याच्या झरोक्यातून येणारा शेवटचा करडा उजेड तिच्या पायांवर पडला होता आणि ती त्याला नजरेने धरून होती.

"अगं कुल्याश, रॉकेल आहे का थोडं? आमचं संपलं. हिला ना, अंधाराची भीती वाटायला लागलीय." बीबीझार ओशाळी हसली. "वेडी आहे झालं."

शोल्पानने नजर उचलली. लग्न होऊन आल्यापासून इतकं सरळ तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. वर बघताच तिचा गुडघा लचकला. तिने कठडा धरला, म्हणजे हात त्यावर पडला.

"आपा," ती म्हणाली. "वाटीभर चालेल."

माझ्या मागे, आतल्या खोलीत, मोल्दिर गालिच्यावर बसली होती. चुलीशेजारी रॉकेलचा डबा होता. सकाळीच भरून आणलेला, काठोकाठ. त्याचा वास दारापर्यंत येत होता. त्या दोघींनाही येत असणार.

झरोका काळा होत चालला होता.

"नाही गं," मी म्हणाले. "आमचंही संपलंय."

मी दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. बाहेर आधी काहीच नव्हतं. मग दोरीवरचे ओले कपडे खाली यावेत तसा आवाज झाला, आणि बीबीझार किंचाळली.

माझ्या समोर काळोखात पावलं सुरू झाली. दोन झटपट, तिसरं घासून. सरळ माझ्याकडे.